जुन्या गाडीचा ऑइल चेंबर ओळखावा कसा?

जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या ढिगात ज्याला सर्वांत कमी गिऱ्हाईक असते आणि ज्याच्याविषयी सर्वांत जास्त चुकीचे सांगितले जाते, असा भाग म्हणजे ऑइल पॅन, आपल्याकडच्या गॅरेजमधला चेंबर. ब्लॉकवर ओतीव आकड्यांत नंबर असतो, कार्ब्युरेटरवर कंपनीचे नाव असते, डिस्ट्रिब्युटरला माहितीची पट्टी रिव्हेट केलेली असते. पण पत्रा दाबून बनवलेल्या चेंबरवर बहुधा काहीच लिहिलेले नसते. त्यातच तो तेल, माती आणि जुन्या पॅकिंगचे थर घेऊन आलेला असतो, त्यामुळे विकणारा सांगेल ते खरे धरून चालावे लागते. ‘शेव्हरोले व्ही-एटचा (म्हणजे व्ही आकारातल्या आठ सिलिंडरांच्या इंजिनाचा) आहे’ एवढ्याच माहितीवर पैसे मोजणाऱ्याला घरी आल्यावर असे कळण्याचा संभव असतो, की चेंबर इंजिनाला अगदी नीट बसतो, पण आता ते इंजिन गाडीत बसत नाही.

चेंबर ओळखण्याची किल्ली नेमकी इथेच आहे. त्याची वरची कड इंजिनाच्या मापाने ठरते आणि खालचे पोट गाडीच्या सांगाड्याच्या मापाने ठरते. कंपनीने एकाच कुळातले इंजिन सेडान, ट्रक, स्पोर्ट्स कार आणि मोटारबोट अशा सगळ्यांत बसवले, तर कड तीच राहते आणि पोट मात्र दर वेळी नवे होते, कारण खालून जाणारा क्रॉसमेंबर (सांगाड्याची आडवी तुळई), स्टिअरिंगचे रॉड, पुढचा अ‍ॅक्सल आणि सायलेन्सरचा पाइप यांची जागा प्रत्येक गाडीत वेगळी असते. त्यामुळे आधी कड तपासावी आणि मग पोट. हा क्रम उलटा झाला की फसगत होते, आणि तो उलटा होतोच, कारण पाहणाऱ्याचा डोळा पहिल्यांदा पोटाकडे जातो.

चेंबरचे काम थोडक्यात सांगायचे तर तेल साठवणे, पंपाच्या जाळीपाशी ते सदैव हजर ठेवणे आणि क्रँकच्या (पिस्टनांच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) खालची बाजू बंद करणे एवढेच आहे. तेल जिथे साठते त्या खोलगट भागाला संप म्हणतात. संप पुढे आहे, मागे आहे की मध्ये, यावरूनच बहुतेक चेंबरांची नावे पडलेली आहेत. चेंबर विचित्र दिसतो तो जवळजवळ नेहमी संपाच्या जागेमुळे आणि आकारामुळे. आणि त्या विचित्रपणामागे क्वचितच लहर असते, बहुधा खालून जाणारा एखादा रॉड असतो.

कड काय सांगते

उदाहरणासाठी शेव्हरोलेचे स्मॉल ब्लॉक व्ही-एट घेऊ, कारण या एका इंजिनाच्या चेंबरांत जेवढी विविधता आणि जेवढा घोटाळा आहे तेवढा क्वचितच दुसरीकडे सापडेल. १९५५ च्या मॉडेलांत २६५ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ४.३ लिटरचे, हे इंजिन आले आणि पुढे २८३, ३२७, ३५० अशा मापांत अनेक दशके बनत राहिले. या साऱ्या काळात दोन्ही बाजूंच्या लांब कडांवरची बोल्टची रांग ढोबळमानाने तीच राहिली: कडांना पाव इंची बोल्ट, ज्यांना इंचाला २० आटे असतात, आणि दोन्ही टोकांना दोन-दोन असे चार जाड, ५/१६ इंची बोल्ट. समोरच्या चेंबरला टोकाची चार भोके मोठी आणि बाकीची लहान आहेत की नाहीत, हे पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत. पण भोकांभोवतीचे जुने पॅकिंग खरवडून काढल्याशिवाय हे मोजू नये, कारण भोकात अडकलेला बुचाचा तुकडा आणि गोठलेला सीलंट मिळून मोठे भोक लहान दाखवतात.

खरी माहिती मात्र पुढच्या आणि मागच्या अर्धगोल कमानींत असते. पुढची कमान इंजिनाच्या पुढच्या झाकणाच्या, म्हणजे टायमिंग कव्हरच्या, खालून जाते आणि मागची क्रँकला धरणाऱ्या शेवटच्या मेन बेअरिंगच्या कॅपखालून. १९५५ ते १९७४ पर्यंतच्या स्मॉल ब्लॉकला पुढच्या कमानीत पातळ रबरी सील लागे, आणि १९७५ पासून जाड सील आले. कडेच्या पातळीवर एक सरळ पट्टी आडवी ठेवून तिथून कमानीच्या तळापर्यंतचे अंतर मोजले, तर पातळ सीलच्या चेंबरात ते सुमारे २ १/४ इंच भरते आणि जाड सीलच्या चेंबरात सुमारे २ ३/८ इंच. हा फरक इंचाच्या आठव्या भागाचा, म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटरचा आहे आणि नुसत्या नजरेला तो दिसत नाही. पण जुन्या चेंबरला जाड सील लावले तर पुढचा भाग उचललेला राहून बाजूच्या कडा टेकतच नाहीत, आणि नव्या चेंबरला पातळ सील लावले तर पुढून तेल गळत राहते. गळणाऱ्या इंजिनावर नळ्यामागून नळ्या सिलिकॉन ओतले जाते, पण त्या तीन मिलिमीटरांची मात्र कोणाला शंका येत नाही.

मागच्या कमानीत बदल झाला तो १९८६ मध्ये. त्याआधी क्रँकच्या मागच्या टोकाचे ऑइल सील दोन तुकड्यांचे असे. त्या वर्षापासून अखंड, एका तुकड्याचे सील आले आणि त्यासाठी ब्लॉकच्या मागच्या बाजूचा आकारच बदलला. परिणामी या दोन पिढ्यांचे चेंबर मागच्या बाजूला एकमेकांना बसत नाहीत. त्यात १९८० मधल्या आणखी एका बदलाची भर पडते. तोवर डिपस्टिक (तेलाची पातळी पाहायची पट्टी) डाव्या बाजूला, म्हणजे अमेरिकन गाडीत चालकाच्या बाजूला असे; १९८० पासून ती उजवीकडे गेली आणि चेंबरच्या त्या बाजूला तिच्यासाठी जागा करून दिली गेली. म्हणजे पुढच्या सीलची जाडी, मागच्या सीलची पिढी आणि डिपस्टिकची बाजू या तीन गोष्टी नोंदवल्या, की स्मॉल ब्लॉकच्या चेंबरचा काळ पुष्कळच नेमका सांगता येतो, आणि तोही पोटाकडे न बघता.

डाव्या-उजव्याबद्दल इथेच एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. गाडीची डावी बाजू म्हणजे चालकाच्या आसनावर बसून पुढे पाहिल्यावर येणारी डावी. चेंबर मात्र टेबलावर कधी तोंड वर करून ठेवतात, कधी पालथा घालतात, आणि विक्रीसाठी काढलेल्या छायाचित्रांत तो बहुधा पालथाच असतो. पालथ्या चेंबरात डावे-उजवे उलटते. विकणाऱ्याने ‘डावी डिपस्टिक’ असे लिहिले असेल तर ते कोणत्या स्थितीत पाहून लिहिले, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

फोर्डच्या स्मॉल ब्लॉकमध्ये असाच एक जुळ्या भावंडांचा प्रकार आहे. ३०२ आणि ३५१ विंडसर ही दोन इंजिने बाहेरून इतकी सारखी दिसतात की चेंबर सहज अदलाबदल होईल असे वाटते. पण ३५१ विंडसरच्या क्रँकचे मेन जर्नल, म्हणजे मेन बेअरिंगांत फिरणारे गोल भाग, ३ इंचांचे आहेत आणि ३०२ चे सव्वादोन इंचांचे. साहजिकच मागच्या बेअरिंगची कॅप मोठी आणि तिच्याखालची कमानही मोठी. दोन्ही चेंबर शेजारी ठेवले तर फरक लगेच दिसतो, पण एकटा चेंबर हातात असेल तर कमानीचा व्यास मोजावाच लागतो.

पोट काय सांगते

पोट वाचताना पहिला प्रश्न संप कुठे आहे हा नसून तेलाचा पंप कुठे आहे हा असतो, आणि ही गोष्ट बहुतेक जण विसरतात. शेव्हरोले स्मॉल ब्लॉकमध्ये पंप मागच्या मेन बेअरिंगच्या कॅपवर बसतो. कमारो, शेव्हेल, इम्पाला अशा बहुतेक गाड्यांत संपही मागे असल्यामुळे पंपाखालची जाळी आखूड नळीने थेट खाली उतरते. फोर्डच्या २८९ आणि ३०२ मध्ये याच्या उलट आहे. तिथे डिस्ट्रिब्युटर पुढे, म्हणून त्याच्या दांड्यावर फिरणारा पंपही पुढे, आणि साठच्या दशकातल्या मस्टँगमध्ये संपही पुढेच. तेव्हा पुढचा संप ही शेव्हरोलेत दुर्मीळ गोष्ट आणि फोर्डमध्ये अगदी रोजची. कड न पाहता ‘पुढे संप आहे म्हणजे दुर्मीळ’ असे ठरवणाऱ्याच्या हाती साधा मस्टँगचा चेंबर दुप्पट भावात पडतो.

शेव्हरोलेतला खरोखरचा दुर्मीळ चेंबर १९६२ ते १९६७ या काळातल्या शेव्ही टू ऊर्फ नोव्हा या लहान गाडीचा. त्या गाडीत स्टिअरिंगचा मधला रॉड नेमका तिथून जातो जिथे स्मॉल ब्लॉकचा नेहमीचा मागचा संप येतो. १९६४ पासून कंपनीने ही गाडी व्ही-एटसह देण्यास सुरुवात केली तेव्हा इंजिन बदलणे शक्य नव्हते आणि रॉड हलवणेही परवडणारे नव्हते, म्हणून चेंबर बदलला: संप पुढे आणला. पंप मात्र मागेच राहिला, त्यामुळे त्याची जाळी लांब नळीच्या टोकाला पुढे न्यावी लागली. असा चेंबर विकत घेताना ती लांब नळी आणि जाळी सोबत आहे का, हे विचारलेच पाहिजे. ती नसेल तर नेहमीची आखूड नळी तेल नसलेल्या उथळ भागाच्या वर लोंबकळत राहील आणि पहिल्याच फेरीत बेअरिंग जातील. हा चेंबर ढिगात ओळखूही येत नाही, याचे कारण गमतीचे आहे. पाहणारा त्याला नेहमीचाच चेंबर समजून मनातल्या मनात उलटा फिरवतो, पुढची बाजू मागे धरतो, आणि शंका न येता बाजूला ठेवतो. पुढची आणि मागची कमान मोजून दिशा आधी ठरवली असेल तरच संप ‘चुकीच्या’ टोकाला असल्याचे ध्यानात येते.

फोर्डच्या ‘फॉक्स’ नावाच्या सांगाड्यावरच्या, म्हणजे १९७९ ते १९९३ या काळातल्या, व्ही-एट मस्टँगमध्ये अडथळा मधोमध आला. क्रॉसमेंबर चेंबरच्या मध्याखालून जात असल्यामुळे फोर्डने दोन संप केले, पुढे एक लहान आणि मागे एक मोठा, आणि मध्ये खोगीर पडले. दोन संप म्हणजे दोन ड्रेन प्लग. ज्याला हे ठाऊक नाही तो एकच प्लग उघडतो, निम्मे जुने तेल आतच राहते आणि वरून पूर्ण मापाचे नवे तेल ओतले जाते. चेंबर ओळखण्याच्या दृष्टीने दोन ड्रेन प्लग आणि मधली उंचवट्याची पाठ ही खूण इतकी ठळक आहे की तिथे मापेही घ्यावी लागत नाहीत.

ड्रेन प्लगची जागा एरवीही बोलकी असते. इंजिन गाडीत बसल्यावर संपाचा जो बिंदू सर्वांत खाली येतो तिथेच कारखाना प्लग ठेवतो, आणि इंजिने बहुधा मागच्या बाजूला थोडी कललेली बसवतात. प्लग अनपेक्षित कोपऱ्यात दिसला तर इंजिन त्या बाजूला कललेले असावे असे समजावे. मोटारबोटीत इंजिनाखाली हात घालायलाही जागा नसते, म्हणून तिथे जुने तेल बहुतेकदा डिपस्टिकच्या नळीतून पंपाने वर ओढून काढतात. अशा इंजिनाचा चेंबर मोटारीच्या चेंबरपेक्षा बराच मोठा असतो आणि रस्त्यावरच्या गाडीत तो जमिनीला लागण्याचीच भीती अधिक. फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांच्या चेंबरात पुढच्या डिफरन्शिअलसाठी मोठी खाच असते. एका बाजूची भिंत आत दाबलेली असेल तर ती जागा स्टार्टरची किंवा एक्झॉस्ट पाइपची असते. कारखान्यात दाबलेली खाच गुळगुळीत आणि दोन्ही कडांना सारख्या वळणाची असते. हातोड्याने नंतर पाडलेल्या खाचेत पत्र्यावर बारीक चपटे ठसे राहतात, ते रंग काढल्यावर बोटालाही लागतात.

आतली बाजू

चेंबर आतून धुतल्याशिवाय त्याची ओळख पूर्ण झाली असे म्हणू नये. साध्या चेंबरात आत फारसे काही नसते. कॉर्व्हेट किंवा कमारो झेड/२८ यांसारख्या जोरात चालवल्या जाणाऱ्या गाड्यांच्या चेंबरात मात्र तेल ब्रेकच्या किंवा वळणाच्या वेळी जाळीपासून दूर पळू नये म्हणून आडवे पडदे बसवलेले असतात. बाहेरून हे चेंबर साध्या चेंबरांसारखेच दिसतात आणि भावातला सगळा फरक या पडद्यांमुळे पडतो. साहजिकच साध्या चेंबरात पडदे बसवून विकण्याचा उद्योगही चालतो. कारखान्याचा पडदा स्पॉट वेल्डने चिकटवलेला असतो आणि त्याच्या खुणा सारख्या अंतरावरच्या लहान गोल टिंबांसारख्या दिसतात, कित्येकदा बाहेरच्या बाजूलाही. गॅरेजमध्ये बसवलेल्या पडद्याच्या कडेला वेल्डिंगची ओबडधोबड रेघ असते. नव्याने बनवून चांगल्या हेतूने विकलेले चेंबरही पुष्कळ मिळतात आणि चालवण्यासाठी ते उत्तम असतात. फक्त त्यांना मूळ म्हणू नये.

आतल्या बाजूचे सर्वांत विलक्षण उदाहरण मात्र आपल्या मुंबईशी जोडलेले आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना सुरू केला आणि तो १९५४ पर्यंत चालला. स्मॉल ब्लॉक व्ही-एट त्यानंतरचे. त्यामुळे आपल्याकडच्या स्वातंत्र्याच्या आगेमागेच्या शेव्हरोलेचे बॉनेट उघडले की आत निघते ते सहा सिलिंडरांचे उभे इंजिन. १९३७ ते १९५२ पर्यंत मोटारींत वापरल्या गेलेल्या २१६ घनइंची इंजिनात मेन बेअरिंगांना पंपाचे तेल मिळे, पण कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगांना दाबाने तेल पोचवण्याची सोयच नव्हती. त्याऐवजी चेंबरच्या आत प्रत्येक रॉडखाली एक अशी सहा आडवी पन्हाळी केलेली होती, ती पंप सतत भरलेली ठेवी, आणि रॉडच्या बुडाला असलेला छोटा चमचा दर फेरीला त्या पन्हाळीत बुडून तेल उचली. वेग वाढला की चमचा तेलात नीट बुडायला वेळ मिळत नाही, म्हणून चेंबरात बारीक तोट्याही बसवलेल्या होत्या, ज्यांतून निघणारी तेलाची धार थेट फिरत्या चमच्यावर आदळे.

म्हणजे हा चेंबर केवळ भांडे नसून तेलपुरवठ्याच्या यंत्रणेचाच अर्धा भाग आहे. तोट्यांची दिशा आणि पन्हाळ्यांची उंची बिघडली की रॉडची बेअरिंग उपाशी राहतात, आणि त्यासाठी कंपनीने तोट्यांचा नेम तपासण्याचे स्वतंत्र गेज दिले होते. दगडावर आपटून बुडाला पोचा आलेला असा चेंबर बाहेरून ठोकून सरळ केला तरी तेवढ्याने काम होत नाही. पन्हाळी हलली आहे का, तोटी वाकली आहे का, हे पाहावेच लागते. नव्या पिढीचा मेकॅनिक आतल्या पत्र्याच्या पन्हाळ्यांना कोणीतरी नंतर बसवलेले पडदे समजून काढून टाकण्याची शक्यता असते, आणि तसे झाले तर इंजिन फार काळ टिकणार नाही. शेव्हरोलेने पूर्ण दाबाची तेलव्यवस्था २३५ घनइंची इंजिनात १९५३ मध्ये पॉवरग्लाइड गिअरबॉक्सच्या गाड्यांना आणि १९५४ पासून सगळ्याच मोटारींना दिली. तेव्हा आत पन्हाळी दिसली तर चेंबर जुन्या पद्धतीच्या इंजिनाचा, हे ठामपणे सांगता येते.

स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत जुळवलेल्या विलीज जीपच्या चेंबरात वेगळाच प्रकार सापडतो. तिच्या चार सिलिंडरी इंजिनाचा पंप ब्लॉकच्या बाहेर, बाजूला आहे, आणि तेल ओढणारी जाळी स्थिर नसून बिजागरीवर हलणारी, तेलावर तरंगणारी आहे. तळाला बसलेला गाळ ओढला जाऊ नये, वरचे स्वच्छ तेलच जावे, हा त्यामागचा हेतू. या चेंबरात काही बदल करताना त्या तरंगत्या जाळीला खाली-वर होण्यासाठी मोकळी वाट राहील, एवढे पाहिले पाहिजे.

चेंबर नसलेला चेंबर

काही इंजिनांच्या बाबतीत ओळखण्याचा प्रश्न वेगळ्याच रीतीने सुटतो, कारण त्यांना नेहमीच्या अर्थाने चेंबरच नाही. १९५९ च्या मिनीत अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी गिअरबॉक्स इंजिनाखाली ठेवला आणि दोघांना एकच तेल दिले. तिथे गिअरबॉक्सचे आवरण हाच संप. तेच ए-सिरीज इंजिन मॉरिस मायनरमध्ये आडवे न बसता उभे बसते आणि त्याला साधा पत्र्याचा चेंबर असतो. कोणी मिनीचा पत्र्याचा चेंबर म्हणून काही विकत असेल, तर तो मायनरचा किंवा त्याच इंजिनाच्या मागची चाके चालवणाऱ्या दुसऱ्या गाडीचा असणार. फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनाचे केसिंग उभ्या दोन भागांत दुभागलेले असते, आणि खाली असते ती फक्त जाळी धरणारी एक गोल तबकडी. बीटलसाठी थंडाव्याच्या पट्ट्या पाडलेले ॲल्युमिनियमचे खोलगट जोडभांडे मिळते; ते तेलाचे प्रमाण वाढवण्यासाठी नंतर लावलेले असते, मूळ चेंबर नव्हे.

मर्सिडीजच्या १९५४ च्या ३०० एसएलसारख्या गाड्यांत ड्राय संप असतो, म्हणजे तेल वेगळ्या टाकीत राहते आणि इंजिनाखालचा भाग फक्त पडणारे तेल गोळा करून परत पाठवतो. असा चेंबर परातीसारखा उथळ असतो आणि त्याला जाड नळ्यांची तोंडे असतात. रेसिंगसाठी नंतर बनवलेले ड्राय संपही असेच दिसतात, त्यामुळे नळीचे तोंड दिसले की लगेच एखाद्या प्रसिद्ध गाडीचे नाव घेऊ नये. आधी कड कोणत्या इंजिनाची आहे ते पाहावे.

ओतीव ॲल्युमिनियमचे चेंबर ओळखायला तुलनेने सोपे असतात. लोहचुंबक चिकटत नाही, आणि कुठेतरी ओतीव नंबर किंवा साच्याची खूण असते. शेल्बी अमेरिकनने आपल्या गाड्यांना दिलेले, बाहेर थंडाव्याच्या पट्ट्या असलेले आणि ‘कोब्रा’ अशी अक्षरे असलेले फोर्डचे चेंबर सगळ्यांत प्रसिद्ध, आणि म्हणूनच त्यांच्या नकलाही सगळ्यांत जास्त. चकचकीत क्रोम केलेला पत्र्याचा चेंबर मात्र बहुधा दुकानातून विकत घेतलेला असतो. रंगावर फार विसंबू नये. कोणत्याही दुरुस्तीत चेंबर पुन्हा रंगवला जातो, आणि मालकाच्या आवडीला कारखान्याचे नियम लागू नसतात.

हाताशी करता येण्याजोगी तपासणी

एवढे सगळे वाचूनही चेंबर कोणत्या कुळातला हे ठरत नसेल, तर सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय पॅकिंगचा आहे. ज्या इंजिनाचा संशय असेल त्याच्या चेंबरचे नवे पॅकिंग विकत घ्यावे आणि स्वच्छ केलेल्या कडेवर ठेवून पाहावे. सगळी भोके जुळली तर कुळ ठरले. चारांपैकी एका कोपऱ्यातच चुकले तर बहुधा कुळ बरोबर आणि वर्ष चुकलेले असते. कुठेच जुळत नसेल तर दुसऱ्या कंपनीकडे वळावे. पॅकिंगऐवजी उलट दिशेनेही जाता येते. चेंबर पालथा घालून जाड कागद कडेखाली ठेवावा, पेन्सिलने बाहेरची रेषा काढावी, प्रत्येक भोकात पेन्सिल फिरवून त्याची जागा उतरवून घ्यावी, आणि त्यावर पुढचा व मागचा भाग, कमानींची खोली आणि दोन टोकांच्या भोकांतले अंतर लिहावे. असा कागद फोनवरून पाठवता येतो, आणि जाणकाराला तिरक्या कोनातून काढलेल्या दहा छायाचित्रांपेक्षा त्या एका कागदावरून पुष्कळ अधिक सांगता येते. छायाचित्र काढायचेच असेल तर बरोबर वरून, शेजारी मोजपट्टी ठेवून काढावे.

चेंबर ओळखला, इंजिनाला बसलाही, तरी एक माप राहते. जाळी आणि संपाचा तळ यांच्यात साधारण पाव ते ३/८ इंच, म्हणजे सहा ते दहा मिलिमीटर अंतर असावे लागते. जाळी तळाला टेकली तर तेल ओढले जात नाही आणि फार वर राहिली तर उतारावर किंवा ब्रेक दाबल्यावर ती हवा ओढते. हे अंतर पाहण्यासाठी जाळीवर मुलांच्या खेळातल्या मऊ मातीचा गोळा चिकटवावा, कोरडे पॅकिंग लावून चेंबर चार बोल्टांवर आवळावा, पुन्हा उतरवावा आणि दबलेल्या गोळ्याची जाडी व्हर्निअरने मोजावी. त्याच वेळी क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून रॉड किंवा क्रँकचे वजन पत्र्याला, पडद्याला कुठे घासत नाही ना, हे ऐकून घ्यावे. ड्रेन प्लगचे आटे गेलेले असतील तर त्याची दुरुस्ती चेंबर खाली असतानाच करावी.

शेवटी डिपस्टिक. वेगळ्या गाडीचा चेंबर लावला की जुन्या डिपस्टिकवरच्या खुणा खोट्या ठरतात, कारण संप खोल किंवा उथळ झालेला असतो. कोरड्या इंजिनात त्या चेंबरचे ठरलेले प्रमाण मोजून ओतावे, जे शेव्हरोलेच्या नेहमीच्या चेंबरात ४ क्वार्ट, म्हणजे सुमारे ३.८ लिटर आहे, आणि फिल्टरसाठी साधारण एक क्वार्ट वेगळे धरावे. इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावे, तेल खाली उतरू द्यावे, आणि गाडी सपाट जागी असताना पट्टीवर जिथे तेल लागले तिथे नवी खूण कोरावी. जुनी खूण कानशीने घासून टाकावी, नाहीतर पुढचा मेकॅनिक तिच्यावरच विश्वास ठेवून तेल भरेल.